एक रानडुक्कर, तीन भांडी: बिडाची हंडी, विजेचा कुकर आणि धुराची भट्टी

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या वायव्येला ओक आणि सीडरच्या झाडीचा जो खडकाळ, डोंगराळ ‘हिल कंट्री’ प्रदेश लागतो, तेथील एका परिचित पशुपालकाच्या रानात गेल्या जानेवारीत एक रानटी डुकरीण मारली गेली आणि तिचे जवळजवळ सगळे मांस आमच्या घरी आले. जिवंतपणी तिचे वजन सुमारे ४० किलो असावे. सोलून, साफ करून आणि तुकडे पाडून झाल्यावर दोन पुढचे फरे, दोन मागच्या मांड्या, कण्यालगतच्या दोन लांबट पट्ट्या, मान आणि बरगड्या एवढे हाती लागले. एकाच जनावराचे मांस वेगवेगळ्या भांड्यांत शिजवून पाहण्याची अशी संधी क्वचितच मिळते. रानातल्या दोन डुकरांचे मांस कधीच सारखे नसते आणि त्यामुळे भांड्यांची तुलना करायला गेले की प्रत्यक्षात जनावरांचीच तुलना होऊन बसते. पुढील दोन महिन्यांत मी हे मांस एनॅमलचा थर दिलेल्या बिडाच्या हंडीत, विजेच्या प्रेशर कुकरमध्ये आणि पेलेट नावाच्या लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या धुराच्या भट्टीत शिजवले. ज्यांना इकडे शिकारीचे मांस मिळते, पण एकदा ते चिवट आणि कोरडे झाले म्हणून उरलेले फ्रीजरमध्येच पडून राहते, अशा मराठी घरांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हे मांस इकडे एवढ्या सहज का मिळते, हे थोडक्यात सांगतो. डुक्कर हा अमेरिकेचा मूळ प्राणी नाही. स्पॅनिश सरदार हरनांदो दे सोतो १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरांचा कळप होता. अशा मोहिमांतून आणि पुढे वसाहतींतून सुटलेली पाळीव डुकरे रानटी झाली, विसाव्या शतकात शिकारीसाठी मुद्दाम आणून सोडलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला आणि आज एकट्या टेक्सासमध्ये त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक मानली जाते. पिके, कुरणे आणि ओढ्यांचे काठ ती उकरून टाकतात. १ सप्टेंबर २०१९ पासून या राज्यात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानटी डुकरे मारण्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. मात्र शिकाऱ्याने मारलेल्या जनावराचे मांस विकता येत नाही. ते स्वतः खायचे किंवा कोणाला तरी द्यायचे. दुकानात मिळणारे रानडुकराचे मांस हे जिवंत पकडून, सरकारी तपासणी असलेल्या कत्तलखान्यात आणलेल्या जनावरांचे असते. भारतात परिस्थिती अगदी वेगळी आहे. तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुकराची विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वाचकांनी पुढील मजकूर मोकळ्यावर फिरणाऱ्या गावठी डुकराच्या मांसासाठी वाचावा, कारण तेही असेच कमी चरबीचे आणि घट्ट असते.

भांड्यांकडे वळण्यापूर्वी मांसाचा स्वभाव समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. दुकानातले डुकराचे मांस खाणाऱ्याला रानडुकराचे मांस पाहताक्षणी वेगळे जाणवते. रंग गडद लाल, स्नायूंच्या आत चरबीच्या रेषा जवळजवळ नाहीत आणि सतत चालणाऱ्या, उकरणाऱ्या जनावराचे असल्याने फऱ्यात आणि मानेत स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पापुद्रे भरपूर असतात. हे पापुद्रे कोलॅजेनचे असतात. ओलाव्यात दीर्घकाळ तापल्यावरच ते विरघळून जिलेटिन होतात आणि रश्शाला तो ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो. पाळीव डुकराच्या मांसात चरबी चुका झाकते. येथे ती सोय नाही, म्हणून भांड्याची निवड महत्त्वाची ठरते.

वयात आलेल्या नराच्या मांसाबद्दल एक सावधगिरी सांगतो. त्याच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये साठतात आणि चरबी तापली की मूत्रासारखा उग्र दर्प सुटतो. दोन वर्षांपूर्वी मिळालेल्या एका मोठ्या नराचे मांस मी चरबीचा वास न तपासता थेट मसाल्यात घातले आणि सगळे टाकून द्यावे लागले, याची मला आजही हळहळ वाटते. आता मी प्रत्येक जनावराच्या चरबीचा सुपारीएवढा तुकडा आधी कोरड्या तव्यावर परततो आणि घरातल्या दोन माणसांना वास घ्यायला सांगतो, कारण काही माणसांना अँड्रोस्टेनोनचा वास मुळीच जाणवत नाही. या डुकरिणीच्या चरबीला अक्रोडासारखा गोडसर वास होता. हिल कंट्रीत हिवाळ्यात ओकची फळे खाऊन पुष्ट झालेल्या जनावरांत तो पुष्कळदा आढळतो.

तीनही भांड्यांच्या आधी ज्या वस्तूची शिफारस करावीशी वाटते ती म्हणजे बारीक टोकाचा, दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवणारा मांसाचा थर्मामीटर. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला हा कृमी असू शकतो. दुकानातल्या अखंड तुकड्यांसाठी १४५ अंश फॅरनहाइट आणि तीन मिनिटांचा विसावा पुरेसा मानला जातो, पण शिकारीच्या मांसासाठी सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा सल्ला १६० अंश, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसचा आहे. रानटी प्राण्यांतील या कृमीच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, त्यामुळे महिनाभर फ्रीजरमध्ये राहिलेले मांस आपोआप निर्धोक झाले असे समजणे धोक्याचे आहे. मीठ लावणे, वाळवणे किंवा नुसता धूर देणे यांवरही भरवसा ठेवू नये. मी घेतलेला पहिला स्वस्त थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात ३२ ऐवजी ३९ अंश दाखवत होता. म्हणजे तो १६० म्हणत असता तेव्हा मांस प्रत्यक्षात १५३ वरच राहिले असते. कोणत्याही कंपनीचा घ्या, पण पहिल्या दिवशी ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासा. कच्चे मांस हाताळताना हातमोजे घाला, कारण या डुकरांच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. घरात कुत्रा असेल तर कच्चा तुकडा त्याला चुकूनही टाकू नका. स्यूडोरेबीज हा डुकरांचा विषाणू माणसाला बाधत नाही, पण कुत्र्यांना प्राणघातक ठरतो.

आता हंडी. बिडाचे भांडे आपल्याला नवे नाही. बिडाचा तवा आणि बिडाची कढई अनेक घरांत आजीच्या काळापासून आहे. इकडे डच ओव्हन या नावाने मिळणारे भांडे म्हणजे त्याच बिडाची, जड झाकणाची, उभ्या काठांची हंडी. माझ्याकडे सहा क्वार्टची, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटरची, आतून-बाहेरून एनॅमलचा थर असलेली हंडी आहे. एनॅमलचा आग्रह मी विचारपूर्वक धरतो. रानडुकराला आंबट फार मानवते आणि नुसत्या बिडात व्हिनेगर, कोकम किंवा टोमॅटो तासन्‌तास शिजवले की भांड्यावरचा तेलाचा थर उतरतो आणि रश्शाला लोखंडाची चव येते.

या हंडीत मी पहिल्या फऱ्याचे विंदालू केले. विंदालूचे मूळ पोर्तुगीजांच्या ‘कार्ने दे विन्या द’आल्योस’ या पदार्थात आहे, म्हणजे द्राक्षमद्यात किंवा त्याच्या व्हिनेगरात आणि लसणात मुरवलेले मांस. गोव्यात त्याला माडाच्या सुरेचे व्हिनेगर आणि लाल मिरची मिळाली. हॉटेलांत त्यात जे बटाटे दिसतात त्यांचा या नावाशी काही संबंध नाही. हाडावरून सोडवलेले दीड किलो मांस पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापले. बारा काश्मिरी मिरच्या, एक आख्खा लसणाचा गड्डा, अंगठ्याएवढे आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि हळद हे सगळे अर्धी वाटी सफरचंदाच्या व्हिनेगरात वाटून त्यात मांस रात्रभर काचेच्या भांड्यात मुरवले. माडाचे व्हिनेगर मिळाले असते तर तेच घेतले असते, त्याची सौम्य गोडी सफरचंदाच्या व्हिनेगराला नाही. दुसऱ्या दिवशी हंडीत डुकराचीच चरबी वितळवून त्यात मांस थोडे थोडे करून सर्व बाजूंनी खरपूस केले, कांदा तपकिरी परतला, मसाल्याचे उरलेले वाटण आणि गुळाचा लहान खडा घातला आणि झाकण लावून हंडी ३०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सव्वातीन तास ठेवली.

हंडीचा खरा गुण येथे दिसतो. तिचे बूड आणि काठ सारखेच तापतात, त्यामुळे मसाला एका जागी लागत नाही. झाकण एवढे जड असते की वाफ बाहेर न जाता त्यावर जमते आणि थेंब थेंब परत मांसावर पडते. दोन तासांनी मी एक तुकडा काढून पाहिला तेव्हा तो अजून रबरासारखा होता आणि अननुभवी माणसाने तेथेच हात टेकले असते. पुढच्या तासाभरात मात्र फरक पडत गेला. पापुद्रे विरघळले, तुकडा चमच्याने दाबताच मोकळा होऊ लागला, तरीही त्याचा आकार टिकून राहिला. शेवटची तीस मिनिटे झाकण किंचित उघडे ठेवल्याने रस्सा आटून तेल वर आले. त्या दिवशी पदार्थ चांगला होता. दुसऱ्या दिवशी, व्हिनेगराची धार बोथट झाल्यावर, तो मी गेल्या अनेक वर्षांत खाल्लेल्या डुकराच्या मांसात सर्वांत उत्तम होता, असे मी मनापासून म्हणतो.

हंडीचे दोष सांगितलेच पाहिजेत. रिकामी असतानाच ती सहा किलोच्या आसपास भरते आणि भरलेली हंडी ओव्हनमधून काढायला दोन्ही हातांत बळ लागते. मनगट दुखत असलेल्या माणसाने ती घेऊ नये. तापलेल्या हंडीत गार पाणी ओतले तर एनॅमलला तडा जाण्याची भीती असते. किमतीतही विलक्षण तफावत आहे. साठ-सत्तर डॉलरपासून चारशे डॉलरपर्यंत त्याच आकाराच्या हंड्या मिळतात. माझी स्वस्तातली आहे आणि फऱ्याला महागडीतून काही अधिक मिळाले असते असे मला वाटत नाही.

विजेचा कुकर बहुतेक मराठी घरांत आधीपासूनच असतो, म्हणून त्याची परीक्षा मला अधिक कसून घ्यायची होती. मागची मांडी, जिच्यात पापुद्रे कमी आणि कोरडा स्नायू अधिक, ती चार सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून काळ्या मसाल्याचा रस्सा तीन वेळा केला. पस्तीस मिनिटांत मांस चावायला जड राहिले. पन्नास मिनिटे शिजवून वीस मिनिटे वाफ आपोआप जिरू दिली तेव्हा ते मऊ आणि रसदार झाले. पंचाहत्तर मिनिटांनी मात्र त्याचे कापसासारखे कोरडे धागे सुटले आणि भोवती एवढा रस्सा असूनही ते घशाखाली उतरेना. बंद भांड्यात मांस डोळ्यांनी पाहता येत नाही, त्यामुळे चरबी नसलेल्या मांसाला दहा-पंधरा मिनिटांची चूकही महागात पडते. घाईने वाफ सोडणे हीदेखील तशीच चूक आहे, कारण दाब एकदम उतरला की तुकड्यांच्या आतले पाणी उकळून बाहेर येते.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण सुरुवातीलाच घातले की ते तळाशी बसते, कुकर करपल्याची सूचना देतो आणि शिजणे थांबते. म्हणून मांस आधी आले-लसूण, हळद, मीठ आणि दोन वाट्या पाण्यात शिजवावे आणि वाटण व काळा मसाला झाकण उघडल्यावर घालून परतण्याच्या तापमानावर दहा-बारा मिनिटे उकळावे. बंद भांड्यात पाणी आटत नसल्याने हे उकळणे तसेही करावेच लागते. गॅसवरचा आपला शिट्टीचा कुकर १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, विजेचा त्याहून काही अंश कमी, त्यामुळे शिट्टीच्या कुकरमध्ये वेळ थोडा कमी धरावा. कुकरने माझे मन पूर्णपणे जिंकले ते हाडांच्या बाबतीत. भाजलेली हाडे, मिरी आणि कांद्याबरोबर दीड तास शिजवल्यावर मिळालेले आळणी पाणी फ्रीजमध्ये जेलीसारखे घट्ट बसले आणि पुढच्या प्रत्येक रश्शात मी पाण्याऐवजी तेच वापरले.

धुराच्या भट्टीबद्दल माझ्या अपेक्षा सर्वांत मोठ्या होत्या. टेक्सासमध्ये मांस म्हटले की ओकच्या धुरावर रात्रभर ठेवलेले मांस, हे समीकरण इतके रूढ आहे की शिकारीनंतर प्रत्येक जण तेच सुचवतो. दुसरा फरा, हाडासकट सव्वादोन किलोचा, मी मीठ-मिरी लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी २५० अंश फॅरनहाइटच्या भट्टीत चढवला. साडेचार तासांनी आतले तापमान १६५ अंशांवर आले आणि बराच वेळ तेथेच अडकून राहिले, कारण पृष्ठभागावरून उडणारे पाणी मांसाला थंड करत असते. तेव्हा तो फरा चरबी आणि सफरचंदाच्या रसाबरोबर फॉइलमध्ये गुंडाळला. एकूण साडेसात तासांनी २०० अंश झाल्यावर काढून तासभर झाकून ठेवला. बाहेरचा गडद थर अप्रतिम होता, धुराची चव खोलवर गेली होती. आतले मांस हाडाजवळ ओलसर आणि कडांना, जेथे फरा पातळ होतो तेथे, वाळलेले निघाले. पाळीव डुकराचा फरा असाच ठेवला तर त्यातली चरबी आतून त्याला भिजवत राहते. चाळीस किलोच्या रानटी डुकरिणीच्या फऱ्यात तसे काही नसते आणि भट्टीची कोरडी हवा तासन्‌तास तिचे काम करते. यात यंत्राचा दोष नाही. तापमान ते फार स्थिर राखते. ते या मांसासाठी बनलेले नाही, एवढेच.

तरीही भट्टी मी विकणार नाही, आणि त्याचे कारण मार्चमधील एक प्रयोग आहे. मान आणि उरलेली मांडी मी १८० अंश फॅरनहाइटच्या मंद भट्टीत फक्त दोन तास ठेवली, मांस अजून कच्चेच होते, आणि तेथून उचलून थेट हंडीत, हाडांच्या आळणी पाण्यात, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात आणि चार कोकमांत टाकले. झाकण लावून आणखी तीन तास. जो पदार्थ तयार झाला त्याला गावाकडच्या चुलीवरच्या, ओल्या लाकडाच्या धुरात शिजलेल्या मटणाची आठवण करून देणारी चव होती आणि जेवायला आलेल्या मंडळींपैकी ज्यांनी आयुष्यात डुक्कर खाल्ले नव्हते त्यांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतले. धूर चवीसाठी आणि ओलावा शिजण्यासाठी, अशी कामाची वाटणी केली की रानडुक्कर खऱ्या अर्थाने खुलते. मात्र भट्टीतून निघालेले अर्धेकच्चे मांस ताबडतोब हंडीत गेले पाहिजे, ते उद्यासाठी ठेवायचे नाही.

कण्यालगतच्या पट्ट्यांना यांपैकी कोणतेही भांडे लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचे काप, बिडाचा तापलेला तवा, मीठ, मिरपूड आणि थर्मामीटरवर १६० अंश एवढे पुरे.

खरेदीचा सल्ला विचाराल तर थर्मामीटर सर्वांत आधी घ्यावा आणि त्यानंतर हंडी. कुकर घरात असेलच, तो हाडांसाठी आणि आठवड्याच्या घाईच्या दिवसांसाठी ठेवावा. चारशे डॉलरच्या पुढे जाणारी भट्टी केवळ रानडुकरासाठी घेऊ नये. वर्षातून दोन-तीन जनावरे घरी येत असतील आणि पंधरा-वीस माणसे जेवायला असतील तरच तिचा विचार करावा. हंडी घेताना आकाराकडे नीट लक्ष द्यावे. मोठ्या डुकराचा हाडासकट फरा सहा क्वार्टच्या गोल हंडीत मावत नाही, त्यासाठी लांबट आकाराची सात क्वार्टची घ्यावी लागते. गोल हंडीच हवी असेल तर जनावराचे तुकडे पाडतानाच फरा कोपराच्या सांध्यात सोडवून मागावा, कारण गोठलेले हाड घरच्या सुरीने तोडता येत नाही.